पेटीपासून लॅपटॉपपर्यंत

अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे कर्नाटकाच्या सीमेलगतचे गाव. येथे मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा कानांवर पडतात. या पट्ट्यात भजनाला बसायचे म्हटले की पेटी हवीच. ती साता समुद्रापलीकडून आली, हे सांगितले तर आज कोणाला खरे वाटणार नाही, इतके तिला आपण आपले मानले आहे. परंतु हे यंत्र आहे, आपल्या संगीताला ते पेलणार नाही, असा आक्षेप एके काळी याच पेटीवर घेतला गेला. आज तोच आक्षेप लॅपटॉपवर घेतला जातो. व्यासपीठावर लॅपटॉप समोर ठेवून बसलेला कलावंत खरोखर वाजवतो आहे, की नुसती कळ दाबून मोकळा झाला आहे, अशी शंका श्रोत्यांना येते. या शंकेचे उत्तर शोधताना आम्हांस पेटीचा इतिहास मोलाचा वाटतो.

पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. पायांनी भाता हलवून वाजवायचे हे वाद्य युरोपीय लोकांबरोबर, विशेषतः मिशनऱ्यांबरोबर, भारतात आले. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास त्याला हातभात्याचे रूप दिले आणि मांडी घालून बसणाऱ्या वादकापुढे ते ठेवले. मराठी संगीत रंगभूमीने त्याला जवळ केले. 'मानापमान' (१९११) या नाटकाला संगीत देणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः नामांकित पेटीवादक होते. तरीही १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. तिचे स्वर पट्ट्यांत बांधलेले, त्यांतून मींड कशी निघणार आणि सूक्ष्म श्रुती कशी लागणार, असा विरोधकांचा प्रश्न होता. प्रश्न चुकीचा नव्हता. पण जाणत्या वादकांनी भाता आणि बोटे यांच्या जोरावर गायकाच्या श्वासामागून जाण्याची कला साधली. १९७१ मध्ये ती बंदी अंशतः उठली.

विजेवर चालणारी वाद्येही याच वाटेने आली. बंगळूरचे जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझर आणि तालयंत्रावर दहा राग वाजवून त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. तिची त्या वेळी फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा जगभरच्या रसिकांचे लक्ष तिच्याकडे गेले. १९८३ साली 'मिडी' ही पद्धत आली आणि निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये व संगणक एकमेकांशी बोलू लागले. २००१ साली बर्लिनच्या एबलटन कंपनीने 'लाइव्ह' नावाची प्रणाली बाजारात आणली. ध्वनीचे छोटे तुकडे साठवायचे, ते ऐनवेळी सुरू वा बंद करायचे, एकावर एक रचायचे, स्वर न बदलता लय वाढवायची किंवा उतरवायची, हे सारे काम तिच्यामुळे मैफलीतच करता येऊ लागले. स्टुडिओतला संगणक अशा रीतीने वाद्य बनला.

त्याच २००१ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे 'तबला बीट सायन्स' या मेळाचा कार्यक्रम झाला. माहीमच्या सेंट मायकल्स शाळेत आणि पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेले झाकीर हुसेन त्यात होते. न्यूयॉर्कमध्ये वाढलेले कर्श काळे हेही होते. तबला, सारंगी आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनी तेथे एकत्र नांदले.

तरीही श्रोत्याची शंका उरतेच. पेटीवर बोटे फिरताना दिसतात, लॅपटॉपच्या पडद्यामागे काय चालले आहे ते दिसत नाही. २००४ साली जर्मनीतील हांबुर्ग शहरी स्थापन झालेल्या 'टॉपलॅप' या गटाने यावर सरळ उपाय सुचवला: आपला पडदा श्रोत्यांना दाखवा. या गटाचे कलावंत संगणकाला द्यायच्या सूचना मैफलीतच लिहितात आणि त्या लिहीत असताना भिंतीवर मोठ्या अक्षरांत दाखवतात.

हा प्रश्न आपल्या गायकवृंदांच्या दाराशीही आलेला आहे. ३ सप्टेंबर १९५८ रोजी रोमहून निघालेल्या पवित्र संगीतविषयक सूचनापत्राने स्वयंचलित ऑर्गन, फोनोग्राफ, रेडिओ आणि टेप यांना उपासनाविधीत मनाई केली. मात्र गाणे शिकवण्यासाठी अशी यंत्रे वापरण्यास मुभा दिली आणि जिवंत आवाज दूरवर पोहोचवणाऱ्या ध्वनिवर्धकालाही संमती दिली. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या दस्तऐवजात पाइप ऑर्गनचा मान राखला आणि पवित्र कार्यास शोभणाऱ्या इतर वाद्यांनाही वाव दिला. या दोन्ही लेखांतून आम्हांस एक विवेक दिसतो. यंत्र माणसाच्या आवाजाला हात देते की त्याची जागाच घेते, हे आधी पाहावे.

आमच्या मते लॅपटॉपलाही हीच कसोटी लावावी. गाणाऱ्याने एखादी ओळ पुन्हा घेतली, लोकांचा सूर मागे पडला, लय किंचित सैल झाली, तर लॅपटॉपवर बसलेल्याला ते ऐकू येते का, आणि ऐकून तो बदलतो का? बदलत असेल, तर तो वादक आहे आणि त्याच्यापुढे आहे ते वाद्य. बदलत नसेल, तर जी वाजते आहे ती केवळ मुद्रित फीत, मग समोर कितीही दिवे लुकलुकोत. पेटीने हा मान पट्ट्यांच्या बळावर मिळवला नाही. तिच्यामागे बसलेल्या माणसाच्या कानाने तो तिला मिळवून दिला.