गोलरक्षकाची जागा

खेळात कोणास कोठे उभे करावयाचे याचा निवाडा मुलांच्या पंचायतीत फार झटपट होतो. चपळ मुलगा पुढे जातो, दांडगा मागे राहतो, आणि जो कोणासच नको असतो, ज्यास आपल्याकडे ‘कच्चा लिंबू’ म्हणतात, तो दोन दगडांच्या मधे उभा केला जातो. फुटबॉलमध्ये त्या दोन दगडांमधील मुलास गोलरक्षक हे भारदस्त नाव आहे. नाव मोठे, पण मान लहान, असा हा प्रकार आहे. या जागेचा इतिहास थोडक्यात सांगावा, आणि त्या ओघात तेथे उभ्या राहणाऱ्या मुलास व कडेला उभे राहून ओरडणाऱ्या मंडळीस दोन उपयोगाच्या गोष्टी सांगाव्यात, एवढाच आमचा हेतू आहे.

बारामतीहून इंदापुरास जाणाऱ्या रस्त्यावर सणसर हे गाव आहे. नीरेच्या डाव्या कालव्याचा हा उसाचा मुलूख. आषाढीस पंढरपुरास निघालेल्या तुकोबारायांच्या पालखीचा मुक्काम येथे पडतो आणि पुढे बेलवाडीस रिंगण होते. तेव्हा या भागात ‘गोल’ म्हटले की प्रथम अश्वाच्या दौडीचे ते गोल रिंगण डोळ्यांपुढे यावे हे स्वाभाविक आहे. या मुलखाचे अंगात मुरलेले खेळ म्हणजे कुस्ती आणि हुतूतू. फुटबॉल हा त्या मानाने पाहुणा होय. आमच्या जुन्या खेळांत गोलरक्षकाचे नाते कोणाशी लावावे, असा प्रश्न केला तर आम्ही आट्यापाट्यांतील पाटी धरणाऱ्या गड्याकडे बोट दाखवू. तोही एका रेषेचा राखणदार असतो आणि समोरच्यास हुलकावणी देऊ न देता आडवतो. मात्र दोघांच्या नशिबात एक मोठा भेद आहे. पाटीवरून गडी निसटला तर पुढे दुसरी पाटी असते. गोलरक्षकाच्या मागे केवळ जाळी असते. खेड्यातील मैदानात तर तीही नसते, आणि गोल झाल्यावर उसात शिरलेला चेंडू आणण्याचे कामही त्याच्याकडेच येते.

या खेळाचे नियम लंडनमध्ये १८६३ साली प्रथम लिहिले गेले, तेव्हा गोलरक्षक हा वेगळा प्राणी अस्तित्वातच नव्हता. उडता चेंडू हातांनी झेलण्याची मुभा तेव्हा सर्वांस होती. पुढे हातांचा उपयोग बंद झाला आणि १८७१ च्या नियमांत प्रथमच एका खेळाडूस, गोलाच्या रक्षणापुरती, ती मोकळीक ठेवण्यात आली. दहांस मना असलेली गोष्ट अकराव्यास मोकळी, असा हा अधिकार. त्याच्या मर्यादा हळूहळू आवळत गेल्या. एके काळी आपल्या अर्ध्या मैदानात कोठेही त्यास चेंडू हाताळता येई. १९१२ पासून हा हक्क पेनल्टीच्या चौकटीपुरता उरला. १९०९ पासून त्याने सोबत्यांहून निराळ्या रंगाचा सदरा घालावा असे ठरले, कारण गर्दीत हात कोणाचा लागला हे पंचास कळेना.

पेनल्टीचा जन्म तर मोठा मौजेचा आहे. गोलासमोर दांडगाई करून हुकमी गोल वाचविणाऱ्यास शासन काय, हा प्रश्न जुनाच होता. त्यावर १८९० साली तोड सुचविली ती आयर्लंडमधील आर्मा परगण्यातल्या मिलफर्ड गावच्या विल्यम मॅक्रम या गृहस्थाने, आणि हा मॅक्रम स्वतः गोलरक्षक होता! आपल्याच जातीच्या गळ्यात त्याने हे लोढणे बांधले. इंग्रज प्रतिष्ठितांस ही सूचना प्रथम रुचली नाही. सभ्य मनुष्य जाणूनबुजून दांडगाई करतो असे गृहीत धरणे हाच मुळी अपमान, असे त्यांचे म्हणणे. तथापि १८९१ साली नियम झाला. गोलाची रुंदी २४ फूट, उंची ८ फूट. चेंडू ठेवावयाचा तो ३६ फुटांवर. ताशी ६० मैलांच्या वेगाने मारलेला चेंडू हे अंतर सुमारे चार दशांश सेकंदात कापतो. म्हणजे चेंडू कोठे चालला हे पाहून मग उडी घ्यावी म्हटले तर उशीर झालाच म्हणून समजावे. मारणाऱ्याचा रोख, त्याचा टेकलेला पाय, त्याच्या कमरेचा कल यांवरून आधीच अटकळ बांधावी लागते. अटकळ चुकली तर ती चूक म्हणावी काय? आमच्या मते नाही. तसे म्हणणारा प्रेक्षक गणितात कच्चा आहे.

या जागेस कच्चा लिंबू चालत नाही याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशात आहे. पीटर थंगराज हा १९५३ साली सैन्यात दाखल झाला आणि मद्रास रेजिमेंटच्या संघात प्रथम आघाडीवर खेळे. तेथून तो गोलात आला. जो गोल करू शकत होता त्यानेच गोल राखण्याचे काम पत्करले. १९६२ च्या सप्टेंबरात जाकार्ता येथे आशियाई सामन्यांच्या अंतिम फेरीत भारताने दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव केला, त्या दिवशी गोलात थंगराज होता. त्या प्रसंगी राजकीय वादामुळे तेथील अफाट जनसमुदाय भारताच्या विरुद्ध बिथरलेला होता. ज्याच्या पाठीशी सारे मैदान ओरडत आहे अशा स्थितीत शांत राहणे हे उडी मारण्याहून अवघड.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे, गोव्याचे. ताळगावचा ब्रह्मानंद संखवाळकर याने साळगावकर संघाचे गोल दीर्घकाळ राखले आणि १९८३ ते १९८६ या काळात भारताचे नायकत्वही केले. १९८३-८४ च्या संतोष करंडकाच्या सामन्यांत गोव्याने मद्रास येथे पंजाबला १-० असे हरवून विजेतेपद मिळविले. आणि त्या साऱ्या स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही. १९९७ साली त्यास अर्जुन पुरस्कार व २०२२ साली पद्मश्री मिळाली. हे आम्ही आवर्जून सांगतो, कारण ‘यात पुढे काय आहे?’ असे विचारणारे वडील घरोघर असतात. मात्र एकही गोल न होणे हे एकट्याचे काम नसते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. गोलरक्षकास सारे मैदान समोर दिसते. पाठीराख्यांस त्यांच्या पाठीमागचे दिसत नाही. म्हणून चांगला गोलरक्षक अखंड बोलत असतो. ‘डावीकडे बघ’, ‘सोड, माझा’, ‘पुढे सरक’ अशा त्याच्या हाका हाच निम्मा बचाव होय. लाजाळू मुलास आम्ही प्रथम हेच शिकवू. चेंडू अडविणे नंतर. आधी तोंड उघडावे.

दुसरी गोष्ट जागेची. पोरे रेषेवर खिळून उभी राहतात आणि चेंडू आला की बाजूस झेप घेतात. झेप दिसावयास सुंदर, पण पुष्कळदा ती जागा चुकल्याची कबुली असते. एकटा गडी चेंडू घेऊन अंगावर येत असता दोन-चार पावले पुढे गेले की, दिवा हाताने झाकावा तसे, मागचे गोल त्याच्या दृष्टीने झाकले जाते. फार पुढे गेले तर तो डोक्यावरून उचलतो, हेही खरे. हा तोल पुस्तकातून येत नाही. तिसरी गोष्ट पडण्याची. कोपरावर अथवा पोटावर पडू नये. कुशीवर पडावे, चेंडू छातीशी घ्यावा. येथे कोल्हापूरची आठवण होते. तेथील फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने ओळखले जातात: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. लाल मातीत ज्याने पडणे शिकले त्यास गवतावर पडण्याचे भय ते काय? आमच्या खेड्यांतील तालमींनी हे मनावर घेण्यासारखे आहे. चौथी गोष्ट नव्या काळाची. १९९२ पासून सोबत्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकास हातात घेता येत नाही. तेव्हा ज्यास पळता येत नाही, लाथ मारता येत नाही, त्यास गोलात टाकण्याची जुनी सोय नियमानेच मोडली आहे.

वाङ्मयाच्या वाचकांस येथे आल्बेर काम्यूची ओळख द्यावी लागत नाही. १९५७ चे नोबेल पारितोषिक मिळविणारा हा लेखक अल्जीयर्स येथे तरुणपणी गोलात उभा राही. १९३० साली क्षयाने त्याचा खेळ संपविला. बूट झिजतात म्हणून आजी रागावे आणि गोलरक्षकाचे बूट कमी झिजतात म्हणून त्याने ती जागा घेतली, असे सांगतात. गरिबांच्या घरच्या हिशेबातून या जागेवर आलेली मुले आपल्याकडेही निघतील. नीतीविषयी आपणास जे उमगले त्यातील बरेचसे फुटबॉलने शिकविले, अशा आशयाचे त्याने पुढे लिहिले. ते वाचून पालकांनी मुलाच्या अभ्यासाचे पुस्तक मिटावे असे मात्र आम्ही सुचवीत नाही.

आता या जागेच्या खऱ्या दुःखाकडे वळू. १६ जुलै १९५० रोजी रिओ येथील माराकाना मैदानावर ब्राझील व उरुग्वे यांचा सामना झाला. ब्राझीलला विश्वविजेतेपदासाठी बरोबरीही पुरेशी होती. ब्राझीलने पहिला गोल केला. मग उरुग्वेच्या घिगियाने उजव्या बगलेवरून मधे चेंडू दिला व स्कियाफिनोने बरोबरी केली. पुढे ७९ व्या मिनिटास घिगिया पुन्हा त्याच वाटेने आला. ब्राझीलचा गोलरक्षक मोआसिर बार्बोझा याने, तो पुन्हा मधेच चेंडू देईल अशी अटकळ बांधून, एक पाऊल त्या बाजूस टाकले. घिगियाने खांबालगतच्या फटीतून चेंडू आत मारला. सामना २-१ असा गेला. ज्याने हे वर्णन वाचले त्यास दिसेल की बार्बोझाची अटकळ शहाणपणाची होती. पाठीराखे घिगियास दोनदा अडवू शकले नाहीत, आघाडीवाल्यांस दुसरा गोल करता आला नाही. पण राष्ट्राने अपराधी ठरविला तो एकटा बार्बोझा. १९९३ साली, वृद्धपणी, तो आपल्या देशाच्या संघास भेटावयास गेला असता अपशकुन नको म्हणून त्यास दूर ठेवण्यात आले. २००० साली तो वारला. आपल्या देशात अपराध्यास अधिकांत अधिक तीस वर्षांची शिक्षा असते, आपण मात्र पन्नास वर्षे भोगीत आहो, अशा अर्थाचे तो बोलत असे. एका पावलासाठी पन्नास वर्षे!

याच्या उलट रशियाच्या लेव्ह याशिनची गोष्ट. १९६२ च्या विश्वस्पर्धेत कोलंबियाविरुद्ध ४-१ अशी आघाडी असता सामना ४-४ असा सुटला, आणि त्यांतील एक गोल कोपऱ्यावरून मारलेला चेंडू सरळ आत जाऊन झाला. याशिन संपला, असे पुष्कळांनी ठरवून टाकले. पुढच्याच वर्षी, १९६३ साली, तो युरोपातील सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू ठरला. हा मान मिळालेला तो अद्यापि एकमेव गोलरक्षक आहे. खाल्लेला गोल पुढच्या चेंडूपर्यंत मनात बाळगू नये, हा उपदेश सारेच करतात. बार्बोझास तो पाळता आला नसता, कारण लोकच त्यास विसरू देईनात. म्हणून हा उपदेश खेळाडूपेक्षा प्रेक्षकांस अधिक करावयास हवा. कोल्हापुरात फुटबॉलवर जेवढे प्रेम आहे तेवढे महाराष्ट्रात क्वचितच आढळेल. शाहू स्टेडियमवर सारी पेठ लोटते. तथापि समर्थकांच्या हाणामाऱ्यांपायी तेथील सामने थांबविण्याची पाळीही आलेली आहे. पेठेचा अभिमान आम्हांस समजतो. पण हरलेल्या बाजूच्या गोलरक्षकासही त्याच गल्लीतून घरी जावयाचे असते.

प्रेक्षक बदलू शकतात याचा एक दाखला इतिहासात आहे. बर्ट ट्राउटमन हा जर्मन छत्रीसैनिक इंग्लंडात युद्धकैदी होता. सुटल्यावर तो तेथेच राहिला. १९४९ साली मँचेस्टर सिटी संघाने त्यास गोलरक्षक म्हणून घेतले तेव्हा महायुद्धाच्या जखमा ओल्या होत्या. हजारोंनी रस्त्यावर येऊन निषेध केला. त्या वेळी शहरातील ज्यूंचे धर्मगुरू अलेक्झांडर आल्टमन, जे स्वतः जर्मनीतून परागंदा होऊन आले होते, त्यांनी एका जर्मनाच्या माथी साऱ्या राष्ट्राचे पाप मारू नये असे लोकांस विनविले. ट्राउटमन खेळत राहिला. १९५६ च्या करंडकाच्या अंतिम सामन्यात, सुमारे १७ मिनिटे उरली असता, बर्मिंगहॅमच्या खेळाडूच्या पायांशी झेपावताना त्याच्या मानेस जबर मार बसला. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती. तो तसाच उभा राहिला, आणखी चेंडू अडविले, संघ ३-१ असा जिंकला. मान मोडली आहे हे काही दिवसांनी क्ष-किरणांच्या चित्रात दिसले. असे धाडस कोणी करू नये, आणि मास्तरांनी तर कोणास करू देऊ नये, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याचा जीव वाचला तो दैवयोगाने. १९६४ साली त्याच्या गौरवार्थ मँचेस्टरमध्ये सामना झाला, तेव्हा सुमारे ४७ हजार लोक आले होते. पंधरा वर्षांपूर्वी निषेधास निघालेल्यांपैकी काही त्यांत असतीलच.