महाराष्ट्रातील लाल वाइन-उद्योग आणि कृष्णाकाठ : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुका कृष्णा-पंचगंगेच्या काठावरील ऊसपट्टा म्हणून परिचित आहे. लगतच्या सांगली जिल्ह्यात मिरज, तासगाव, पलूस या तालुक्यांत द्राक्षशेती स्थिरावली आहे. असे असूनही मराठी मुलखातील लाल वाइनची ओळख नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीशी जोडली गेली. या घटिताची ऐतिहासिक कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

वाणाचा प्रश्न :
पांढऱ्या वाइनसाठी केवळ रस आंबवला जातो. लाल वाइनसाठी काळ्या द्राक्षांचा रस सालीसह आंबवावा लागतो. गडद रंग आणि तुरटपणा सालीतून उतरतो. म्हणून लहान मण्यांची शिराझ, कॅबरने सोव्हिन्यो ही वाणे लागतात. तासगाव परिसरात रुजलेली थॉम्पसन सीडलेस व तिची निवड वाणे मात्र खाण्याच्या द्राक्षांची आहेत. बाजारभाव पडल्यास त्यांचा बेदाणा करता येतो. वाइनच्या द्राक्षाला वायनरीखेरीज दुसरे गिऱ्हाईक जवळजवळ नसते.

उद्योगाचा प्रारंभ व विस्तार :
१९८० च्या दशकात नारायणगाव येथे शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने आधुनिक वाइननिर्मितीचा पाया घातला. राजीव सामंत यांच्या सुला विनयार्ड्सची वाइन २००० साली बाजारात आली. पुढे याच कंपनीच्या 'दिंडोरी रिझर्व शिराझ' या लाल वाइनमुळे तालुक्याचे नाव बाटलीवर पोहोचले. नाशिकची समुद्रसपाटीपासूनची सुमारे ६०० मीटर उंची, हिवाळ्यातील थंड रात्री आणि मुंबईची जवळीक या बाबी उद्योगास पोषक ठरल्या.

राज्य शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून उत्पादनशुल्कात सवलत दिली. नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभारण्यात आले. मात्र २००८ ची जागतिक मंदी आणि त्याच वर्षीचा मुंबईवरील हल्ला यांमुळे पर्यटन व हॉटेल व्यवसाय थंडावला. वायनऱ्यांकडे साठा पडून राहिला, खरेदी घटली आणि अनेक बागायतदारांनी वाइनच्या बागा काढून टाकल्या. नाशिकचा उद्योग कालांतराने सावरला. पलूसला तशी उंची गाठता आली नाही.

शिरोळचा संदर्भ :
शिरोळच्या नदीकाठच्या काळ्या जमिनी पाणी धरून ठेवतात आणि बरेच क्षेत्र क्षारपड आहे. द्राक्षवेलीस निचऱ्याची जमीन लागते. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांनी येथील पिकांची जोखीम अधोरेखित केली. तथापि कारण केवळ भौगोलिक नाही. उसालाही मुख्य गिऱ्हाईक कारखानाच असतो. परंतु सहकारी कारखान्यात उत्पादक हा सभासद असतो आणि उसाच्या किमान दराला कायद्याचा आधार आहे. त्याहून अधिक दरासाठी जयसिंगपूरच्या ऊस परिषदेतून संघटित मागणी होत आली आहे. वाइनच्या द्राक्षाला असा कायदेशीर किमान दर नव्हता; त्याची भिस्त वायनरीबरोबरच्या करारावर होती आणि मंदीत तो करार पुरेसा ठरला नाही.

निष्कर्ष :
लाल वाइनचा प्रदेश केवळ माती, हवामान वा शासकीय सवलतीने घडत नाही. सवलत वायनरीला मिळाली, जोखीम मात्र मोठ्या प्रमाणात वेल लावणाऱ्याच्या वाट्याला आली. कृष्णाकाठी हा उद्योग पुन्हा रुजवावयाचा झाल्यास, उसाने मिळविलेली खरेदीची व दराची हमी द्राक्षासही मिळणे आवश्यक आहे, असा बोध या इतिहासातून होतो.