घरांत कोणतें हत्यार ठेवावें?



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझा एक जुना विद्यार्थी मजकडे आला. नोकरीनिमित्त तो मुंबईस असतो. कोंकणांतल्या घरीं त्याचे वृद्ध आईबाप दोघेच राहतात. त्यांच्या वाडींत लागोपाठ दोन चोऱ्या झाल्या होत्या, आणि दुसऱ्या खेपेस एका म्हाताऱ्या बाईस मारहाणही झाली होती. "गुरुजी, घरांत कांहीं तरी हत्यार ठेवावें असें मनांत आहे. बंदूक घ्यावी कीं एखादा चांगला सुरा? मला दोहोंतलें कांहींच कळत नाहीं," असें तो म्हणाला. मी जुन्या मॅट्रिकचा मास्तर. आयुष्यभर पोरांना इतिहास शिकविला. हातीं हत्यार म्हणावें तर रूळ. तरी प्रश्न टाळण्याजोगा नव्हता. हा प्रश्न आपल्या पूर्वजांस अनेकदां पडलेला आहे आणि त्यांनीं तो कसा सोडविला हें पाहण्यासारखें आहे, एवढें म्हणून मीं त्याला तासभर जें सांगितलें, तेंच आज थोडें जुळवून आपल्यापुढें ठेवतों.

नवशिक्याची पहिली समजूत अशी असते कीं, हत्यार जितकें मोठें व भयंकर तितकें तें चांगलें. जुने लोक मात्र आधीं एकच गोष्ट विचारीत : शत्रु किती अंतरावर असणार? दूर असला तर विटा किंवा भाला, हातभर अंतरावर असला तर तलवार, आणि अंगाशींच भिडला तर कट्यार अथवा बिचवा. कट्यारीची मूठ आडवी असते. ती आवळली कीं पातें हाताच्या सरळ रेषेंत पुढें येतें आणि खांद्याचें सारें बळ टोंकांत उतरतें. म्हणून ती भोसकण्याची; सपासप वार करण्याचें तें हत्यारच नव्हे. बिचव्याचें पातें विंचवाच्या नांगीसारखें वांकडें. तो अस्तनींत लपतो, पण त्यानें तलवारीचा वार अडवावयास जाणें म्हणजे बोटें गमावणें होय.

याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ चा प्रतापगडचा प्रसंग. तो आपण शाळेंत शिकतों तेव्हां पराक्रम ऐकतों, पण त्यांतली निवड आपल्या लक्षांत येत नाहीं. सभासदाच्या बखरींत महाराजांचा त्या दिवशींचा पोषाख व हत्यारें दिलेलीं आहेत. अंगांत कुडती, डोईस मंदिल, हातीं बिचवा आणि वाघनख. बरोबरच्या जिवा महाला व संभाजी कावजी यांजपाशीं मात्र पट्टा, फिरंग आणि ढाल. ही वांटणी पहा. भेट आलिंगनाची ठरलेली. तेथें लांब पात्याचें हत्यार उपसावयास जागाच नाहीं, म्हणून स्वतःसाठीं आंखूड व झांकून राहणारीं हत्यारें. पण आलिंगन सुटल्यावर जो दंगा होईल तो हातभर अंतरावरचा, म्हणून सोबत्यांजवळ लांब हत्यारें. खानानें मान बगलेंत दाबून जमदाडेचा वार केला, तो अंगावरच्या चिलखतावर खरडत गेला. म्हणजे त्या दिवशीं पहिल्या प्रथम उपयोगी पडलें तें वाघनखही नव्हे आणि बिचवाही नव्हे. तें अंगांतलें चिलखत. स्वसंरक्षणाचा विचार करणाऱ्यानें हें क्षणभर मनांत घोळवावें. माझ्या विद्यार्थ्याला मीं याच ठिकाणीं थांबवून विचारलें, "तुझ्या घराच्या मागल्या दाराला अडसर आहे का?" तो म्हणाला, "होता, वाळवीनें खाल्ला."

(वाघनखाचा विषय निघाला म्हणून सांगतों : साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याजकडून विलायतेस गेलेलें एक वाघनख लंडनच्या संग्रहालयांत होतें, तें २०२४ च्या जुलैंत तीन वर्षांच्या बोलीनें साताऱ्यास आणण्यांत आलें. तें प्रतापगडावरचेंच, असें निश्चित सिद्ध करतां येत नाहीं, हें त्या संग्रहालयानेंच सांगितलेलें आहे. लोक दर्शनास गेले, जावेंच. पण इतिहासाच्या मास्तरानें एवढें सांगावयास हवें.)

आतां पट्टा. मराठ्यांचें हत्यार म्हटलें कीं पट्टा डोळ्यांपुढें येतो आणि मिरवणुकींत तो फिरतांना पाहून तरुणांस मोह पडतो. परंतु पट्ट्याचा हात लोखंडी खोबणींत कोपराजवळपर्यंत जखडलेला असतो, मनगट वळत नाहीं, आणि पातें लांब व लवचीक. सारें काम खांद्यानें, कंबरेनें आणि पायांच्या पवित्र्यानें करावयाचें. नवशिक्याच्या हातीं तो दिला तर पहिली जखम त्याच्या स्वतःच्याच पिंढरीस व्हावयाची. म्हणूनच जुन्या तालमींत पोराच्या हातीं पोलाद लवकर येत नसे. आधीं लाठी आणि फरीगदगा, म्हणजे चामड्याची लहान ढाल व चामडें मढविलेली छडी. टोंकाला बोंडूक बांधलेली बोथाटी म्हणजे भाल्याची तालीम. हात बसला, डोळा स्थिर झाला, मार खाऊन राग आवरतां येऊं लागला, म्हणजे मग पातें. पुण्यास लहुजी साळवे यांची तालीम प्रसिद्ध होती. जोतीराव फुले आणि पुढें वासुदेव बळवंत फडके हे दोघे तेथें शिकले. दोघांनीं पुढें किती निराळ्या वाटा धरल्या! पण आरंभ एकाच आखाड्याच्या मातींत झाला.

बंदुकीची गोष्ट आणखी वेगळी. तोड्याची बंदूक म्हणजे एक छोटा यज्ञच होता म्हणा ना. नळींत दारू ओतावयाची, वर गोळी, गजानें ठासावयाची, कानावर रंजूक घालावयाची, आणि पेटता तोडा खटक्यानें त्यावर टेंकवावयाचा. पाऊस आला कीं सर्व थंड. अंधारांत तोड्याचा निखारा शत्रूला तुमची जागा सांगे. रणांत शेंकडों बंदुका एका वेळीं झडतात तेथें तिचा प्रभाव खरा. पण मध्यरात्रीं दारावर धक्का बसला असतां एकट्या गृहस्थास ती फारशी उपयोगी नव्हती. पुढें चकमकीची बंदूक आली, मग टोपीची आली, तरी ठासणें राहिलेंच.

हें मी केवळ पुस्तकांतून सांगत नाहीं. आमच्या घरीं शेतीच्या राखणीसाठीं परवान्याची ठासणीची बंदूक होती. रानडुकरें आणि वानर यांच्या भयानें कोंकणांत अशा बंदुका पुष्कळ घरीं असत व आजही आहेत. मी सहावींत असेन. श्रावणांतली रात्र, बाहेर धो धो पाऊस, आणि मागल्या पडवींत कोणी तरी चांचपडत असल्याचा आवाज. चुलत्यांनीं भिंतीवरची भरलेली बंदूक काढली, दोनदां "कोण आहे?" म्हणून हांक मारली. उत्तर आलें नाहीं. त्यांनीं चाप ओढला. नुसती टोपी फुटली; आंतली दारू सर्दावलेली होती. आजीनें कंदील वर केला तों पडवींत आमचा गडी भिजून कुडकुडत उभा! बाजाराहून परततांना शेवटची गाडी चुकली, चालत आला. पावसाच्या आवाजांत त्याला हांक ऐकूंच आली नाहीं. चुलते मटकन् खालीं बसले. त्यानंतर त्यांनीं ती बंदूक घरांत भरून म्हणून कधीं ठेवली नाहीं. तो गडी पुढें तीस वर्षें आमच्याकडे होता, आणि त्या रात्रीबद्दल दोघेही एकमेकांशीं एक अक्षर बोलले नाहींत.

असो. व्यक्तीनें हत्यार निवडण्याचा विचार येथवर झाला. पण मराठी मुलखांतल्या खेड्याचें रक्षण मुळांत एकट्याच्या हत्यारावर नव्हतें. गांवाला गांवकूस असे, वेशीला दरवाजा असे, पाटलाची गढी असे, आणि रामोशी, महार, कोठें भिल्ल यांकडे राखणीचें वतन असे. चोरी झाली तर माग काढून देण्याची जबाबदारी राखणदारावर होती. पेंढाऱ्यांच्या धामधुमींत ज्या गांवांचें कूस धड होतें त्यांना निदान दम धरतां येई. पेशवाई बुडाल्यावर कंपनीच्या अमलांत रामोशांचीं जुनीं वतनें व हक्क यांना धक्का लागला. त्यांतून उमाजी नाइकाचें बंड उद्भवलें आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं त्याला पुण्यास फाशी देण्यांत आलें. राखणदारास बंडखोर करावयाचें आणि मग गांवास राखण उरली नाहीं म्हणून हळहळावयाचें, असा हा न्याय.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १८५७ च्या उठावांत सरकारनें हत्यारें नोंदविण्याचा व काढून घेण्याचा कायदा केला. दक्षिण महाराष्ट्रांत त्याची अंमलबजावणी सुरू होतांच मुधोळ संस्थानांतल्या हलगली गांवच्या बेरडांनीं हत्यारें देण्याचें साफ नाकारलें. मुधोळचे संस्थानिक घोरपडे. बेरड कानडी बोलणारे, शिकारी व लढाऊ. त्यांच्या मतें कमरेचें हत्यार काढून देणें म्हणजे अब्रू काढून देणें. नोव्हेंबर १८५७ मध्यें फौज आली, गांव जाळलें, अनेक मारले गेले, आणि मागाहून १९ जणांना फाशी झाली. त्या फाशा मुद्दाम चारचौघांदेखत, कांहीं मुधोळास व कांहीं हलगलीसच देण्यांत आल्या. हलगलीच्या बेरडांच्या लावण्या कानडी मुलखांत अजून म्हणतात. पुढल्याच वर्षीं नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांचें प्रकरण झालें, त्याच्या अनेक कारणांत तोफा व हत्यारें मागण्याचा अपमान हेंही एक कारण होतें. १२ जून १८५८ रोजीं त्यांना बेळगांवीं फांसावर चढविलें.

आणि आतां एक चमत्कार ऐका. १८६० सालीं हिंदुस्थानचा दंडसंहितेचा कायदा मंजूर झाला. त्याच्या ९६ ते १०६ या कलमांत स्वतःच्या व दुसऱ्याच्या देहाचें आणि मालमत्तेचें रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकास दिला. त्याच १८६० सालीं हत्यारें बाळगण्यावर नियंत्रण घालणारा व नि:शस्त्र करण्याचा अधिकार सरकारास देणारा दुसरा कायदाही झाला. एका हातानें हक्क दिला, दुसऱ्यानें साधन काढलें! लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत १८७८ चा ११ वा कायदा आला तेव्हां तर बंदुकीबरोबर तलवार, खंजीर, भाला, फार काय धनुष्यबाणही हत्यारांच्या व्याख्येंत गेले. परवाना एतद्देशीयांस, गोऱ्यांना नियमांनीं मोकळीक. मद्रासच्या १८८७ च्या काँग्रेसनें या कायद्याविरुद्ध ठराव केला, तरी वर्णभेदाची ही तरतूद नियमांतून जावयास १९२० साल उजाडावें लागलें. कुर्गचे लोक तेवढे आरंभापासून या जाचांतून सुटले. त्यांच्या घरची बंदूक व पिचेकत्ती त्यांच्या विवाहसमारंभांत आजही दिसतात.

उरली काय तर लाठी. बडोदें, अमरावती, पुणें येथल्या आखाड्यांनीं त्या काळांत लाठी, बोथाटी आणि जंबिया यांचें शिक्षण जिवंत ठेवलें; अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चें. एक पिढीच्या पिढी "शस्त्र नाहीं तर शरीर तरी" या जिद्दीनें घडली. मला तिच्याविषयीं आदर वाटतो. मात्र त्यांतल्या कांहींनीं पुढें त्याच लाठ्या शेजाऱ्यांवर उगारल्या, तेंही इतिहासांत नमूद आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५९ सालीं नवा शस्त्रकायदा झाला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला. विद्यार्थ्यास मीं त्यांतलें एवढेंच सांगितलें : बंदुकीस परवाना लागतो, अर्जदाराचें वय २१ पूर्ण हवें, २०१६ च्या नियमांप्रमाणें हत्यार सुरक्षित वापरण्याचें शिक्षण घ्यावें लागतें, आणि २०१९ पासून एका इसमास दोहोंपेक्षां अधिक बंदुका ठेवतां येत नाहींत. सुऱ्याचें पातें नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल, आणि तो घरकाम, शेती वा धंद्यासाठीं बनविलेला नसेल, तर तोही हत्यारच ठरतो. म्हणजे आमचा कोयता सुटतो. रक्षणाचा हक्क १ जुलै २०२४ पासून नव्या न्यायसंहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. तो संकटापुरताच, चोर पळूं लागल्यावर त्याच्या पाठींत घालावयाचा नव्हे. आणि मुंबई प्रांताच्या १९५१ च्या पोलीस कायद्याचें ३७ वें कलम लागू केलेलें असेल त्या दिवसांत रस्त्यावर साधी काठीसुद्धां नेतां येत नाहीं!

"मग गुरुजी, मीं घ्यावें तरी काय?" तो जरा कंटाळूनच म्हणाला. मीं विचारलें, "तूं मुंबईस. रात्रीं दोन वाजतां तें हत्यार उचलणार कोण? तुझे सत्तर वर्षांचे वडील, चष्म्यावांचून?" तो पुष्कळ वेळ गप्प बसला. जातांना त्यानें आमच्या सुताराचें नांव लिहून घेतलें. दिवाळींत भेटला तेव्हां दाराला सागवानी अडसर बसला होता, शेजारच्या तीन घरांनीं मिळून एक गुरखा ठेवला होता, आणि वडिलांच्या उशाशीं जुनी बांबूची काठी होती. बंदुकीचा अर्ज त्यानें आणून ठेवला आहे. भरावयाचा कीं नाहीं याचा निर्णय अजून झालेला नाहीं, आणि मींही त्याला घाई केली नाहीं.

आमच्या चुलत्यांची बंदूक ते वारल्यावर ठाण्यांत जमा केली. निवडणूक आली कीं ती तेथें जमा होई आणि निकालानंतर परत येई. त्या खेपेस परत आली नाहीं इतकेंच. पावती माझ्या पेटींत आहे. तिच्यावर बंदुकीचें वर्णन एका ओळींत लिहिलें आहे : ठासणीची, एकनळी, जुनी.