इंजेक्शन द्रावणांचे निर्जंतुक गाळण

इंजेक्शन द्रावणांचे निर्जंतुक गाळण म्हणजे उष्णतेने बिघडणाऱ्या द्रावणातील जिवाणू व बुरशी सूक्ष्मरंध्री पटलाने अडवून वेगळे करण्याची पद्धत होय. इंजेक्शनातील द्रव थेट रक्तात किंवा ऊतींत जात असल्याने गाळणीच्या निवडीतील चूक जीवघेणी ठरू शकते.

पद्धतीची निवड

फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या बी. फार्म. अभ्यासक्रमात कॅल्शियम ग्लुकोनेट व ॲस्कॉर्बिक आम्ल यांची इंजेक्शने तयार करण्याची प्रात्यक्षिके आहेत. नांदेड व लातूर येथील औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थीही ती करतात. कॅल्शियम ग्लुकोनेटचे द्रावण ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करता येते. ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, उष्णतेने व ऑक्सिजनने नाश पावते; म्हणून त्याचे द्रावण गाळले जाते. उष्णता सहन करणाऱ्या द्रावणासाठी ऑटोक्लेव्हच अधिक विश्वसनीय मानला जातो.

गाळणीची निवड

रंध्रांचा आकार: निर्जंतुकीकरणासाठी ०.२२ मायक्रोमीटरचे पटल वापरतात. ब्रेव्हुंडिमोनास डिमिन्यूटा हा लहान जिवाणू पटलाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे किमान १ कोटी इतक्या संख्येने सोडून त्याची परीक्षा घेतली जाते. ०.४५ मायक्रोमीटरची गाळणी केवळ पूर्वगाळणासाठी योग्य असते.

पटलाचे द्रव्य: पाण्यातील द्रावणांसाठी पॉलिइथरसल्फोन किंवा जलस्नेही पीव्हीडीएफ वापरतात. ही पटले प्रथिने फारशी धरून ठेवत नाहीत. नायलॉन मात्र प्रथिने शोषून घेते आणि औषधाची मात्रा घटते. जलविरोधी पीटीएफई वायू व सेंद्रिय द्रावकांसाठी असते.

व्यास: काही मिलिलिटर द्रावणासाठी १३ मिमी, तर त्याहून अधिक द्रावणासाठी २५ मिमी व्यासाचा सिरिंज फिल्टर सोयीचा ठरतो.

मर्यादा

०.२२ मायक्रोमीटरच्या पटलातून विषाणू, मायकोप्लाझ्मा आणि ताप आणणारी जिवाणूंची अंतर्विषे पार जातात. त्यामुळे अंतर्विषमुक्त पाणी वापरणे आणि काचेची भांडी २५०° सेल्सिअसला ३० मिनिटे तापवणे आवश्यक असते. पटल फाटलेले नाही याची खात्री गाळणानंतर बुडबुडा चाचणीने केली जाते. सिरिंज फिल्टर एकदाच वापरावयाचा असतो.

निलंबनाला ही पद्धत लागू पडत नाही. मुंबईत परळ येथील प्रयोगशाळेत तयार होणारी हाफकिन यांची प्लेगची लस मृत जिवाणूंचे निलंबन होती, ०.२२ मायक्रोमीटरच्या पटलाने लसच अडली असती. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी या लसीच्या एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, असा निष्कर्ष पुढे मांडला गेला आणि हाफकिन दोषमुक्त ठरले. द्रव निर्जंतुक झाल्यानंतरची हाताळणीही तितकीच निर्णायक असते. म्हणूनच गाळलेले द्रावण निर्जंतुक हवेच्या प्रवाहातच कुपीत भरून बंद केले जाते. विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिकात तयार केलेले द्रावण रुग्णाला दिले जात नाही.