देवी आणि क्षय

मंडळी, मराठीतली आजारांची नावं कधी नीट ऐकली आहेत का? ‘देवी’ आणि ‘क्षय’ या दोन नावांमागे तर अख्ख्या कथा उभ्या आहेत.

चरकसंहितेत राजयक्ष्म्याची, म्हणजे क्षयाची, कथा येते. चंद्राने दक्षाच्या मुलींशी लग्न केलं. त्या मुली म्हणजे आपली नक्षत्रं. पण त्याचा सगळा जीव एकट्या रोहिणीवर. दक्ष संतापला आणि चंद्राला यक्ष्मा जडला. पुढे अश्विनीकुमारांनी त्याला बरं केलं. रोज थोडा थोडा झिजणारा चंद्र आणि दिवसेंदिवस वाळत जाणारा रोगी, हे साम्य कुणाच्या तरी नजरेत भरलं असणार. गंमत म्हणजे त्याच अध्यायात चरक साधी माणसाची कारणंही देतो : न झेपणारे श्रम, नैसर्गिक वेग अडवणं, शरीराची झीज, अवेळी नि वेडंवाकडं खाणं.

देवीची तऱ्हा निराळी. अंगाची आग होते म्हणून देवता ‘शीतला’, थंडावा देणारी. माहीमला तिचं देऊळ आहे. घरात मूल आजारी पडलं की ‘देवी आल्या’ म्हणत, जणू पाहुणीच आली. कोपाची भीती होतीच, पण त्या मुलाला कुणी दोष देत नसे. १४ जून १८०२ रोजी आपल्या मुंबईतच ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली यशस्वी लस टोचली गेली. पुढे लोकांनी त्या टोचण्यालाही ‘देवी काढणं’ असंच नाव दिलं! १९८० मध्ये हा रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं.

क्षयाच्या कथेत मात्र रोगीच गुन्हेगार. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये त्याचा जंतू शोधला, पुढे औषधंही आली, पण कुजबुज गेली नाही. आमच्या घाटकोपरच्या चाळीत ‘छातीचं दुखणं’ एवढंच म्हणत, तेही हळू आवाजात. लग्नाची मुलगी असेल तर तेवढंही नाही. औषध सुरू व्हायला त्यामुळे किती उशीर होत असे!

आपण सगळ्यांनी दक्षाचा शाप लक्षात ठेवला, अश्विनीकुमारांचा उपचार विसरलो. नातवंडांना ही गोष्ट सांगाल तेव्हा कृपा करून शेवटपर्यंत सांगा.