शेत जागेवर, पाणी गेलं शहरात

आपल्याकडे शेत विकलं की बहुतेक वेळा विहीरही त्यासोबत जाते. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत तसं नाही, हे वाचून मी चाट पडलो. तिथे १८७६च्या राज्यघटनेपासून नियम असा: ज्याने नदीचं पाणी आधी वापरात आणलं, त्याचा हक्क आधी. आणि हा हक्क जमिनीपासून सुटा विकता येतो.

आर्कान्सा नदीखोऱ्यातल्या क्राउली काउंटीत १९७० आणि ८०च्या दशकांत बहुतेक पाणी असंच शहरांना विकलं गेलं. शेतं जागेवर राहिली, पण उजाड.

यावर एक उपाय म्हणजे 'कॉन्झर्वेशन ईझमेंट'. मालकी शेतकऱ्याचीच, प्लॉट पाडण्याचा हक्क तेवढा तो कायमचा सोडतो. बदल्यात पैसे किंवा करसवलत. २००३च्या कायद्याने स्पष्ट केलं, की या करारात पाणीही जमिनीला बांधता येतं. सॅन लुईस खोऱ्यात रिओ ग्रांदेकाठची कुरणं अशीच राखली गेली. दर वसंतात त्या खोऱ्यात हजारो सँडहिल क्रौंच उतरतात, शेतात सांडलेले दाणे टिपतात.

पण हा करार नातवालाही मोडता येत नाही. आधी मला हे खटकलं. मग क्राउली आठवलं. तिथल्या नातवंडांना तरी कुणी विचारलं होतं?