सरांचं ‘आता सांग’ आणि विमानाचा पंख

स्मरणिकेसाठी लेख दे, असा निरोप वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आला, तेव्हा बहुतेकांना वाटलं असेल की मी मधल्या सुट्टीतल्या चिंचांवर लिहीन. चिंचांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी गणिताच्या इतिहासातली एक गोष्ट सांगणार आहे. पण तिची सुरुवात आपल्या दहावी ‘ब’च्या फळ्यापासूनच होते.

सरांची सवय आठवते ना? उदाहरण सुटायचं, उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळायचं, आपण वही मिटणार एवढ्यात सर डस्टरने उदाहरणातला एकच आकडा पुसायचे, दुसरा लिहायचे आणि म्हणायचे, ‘‘आता सांग.’’ एकदा वर्गसमीकरण होतं: क्षचा वर्ग वजा ६ क्ष अधिक ९ बरोबर शून्य. उत्तर ३, अगदी स्वच्छ. सरांनी ९ चे १० केले. वर्गमुळाखाली उणे ४ आले आणि उत्तरच नाहीसं झालं. सर हसले. तेव्हा तो छळ वाटला होता.

गेली काही वर्षं मी ज्या प्रोग्रॅमवर काम करते, तो विमानाच्या पंखाभोवतीच्या हवेचा हिशेब करतो. त्या कामात वाचता वाचता कॅथलीन मोरावेट्झ हे नाव समोर आलं, आणि लक्षात आलं की या बाईंनी आयुष्यभर सरांचाच प्रश्न विचारला. फक्त त्यांचा फळा मोठा होता.

कॅथलीन यांचा जन्म १९२३ मध्ये टोरोंटोचा. वडील जॉन सिंज हे आयरिश गणितज्ञ. आईनेही गणिताचं शिक्षण घेतलेलं. म्हणजे घरात वातावरण होतंच. तरीही १९४५ मध्ये टोरोंटो विद्यापीठाची पदवी घेताना पुढे संशोधन करायचं, असं त्यांचं पक्कं नव्हतं. शाळेत शिकवायला चक्क भारतात यावं, असा विचार मनात होता. तेव्हा सेसिलिया क्रीगर यांनी त्यांना डॉक्टरेटकडे वळवलं. क्रीगर या घराच्या जुन्या परिचित, विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या, आणि कॅनडातल्या विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री. एका बाईने दुसऱ्या मुलीला ‘तू पुढे शिक’ म्हटलं. आपल्याकडे एखादी शिक्षिका येता येता राहिली, पण गणिताला काय मिळालं ते पुढे पाहू.

त्याच वर्षी त्यांचं हर्बर्ट मोरावेट्झ या रसायनशास्त्रज्ञाशी लग्न झालं. मॅसॅच्युसेट्सला एमआयटीत पदव्युत्तर शिक्षण घेऊन त्या न्यूयॉर्क विद्यापीठात रिचर्ड कूरांट यांच्याकडे आल्या. कूरांट हे जर्मनीतल्या ग्योटिंगेनचे नामवंत गणितज्ञ. नाझी सत्तेवर आल्यावर त्यांना तिथून निघावं लागलं, आणि त्यांनी न्यूयॉर्कमध्ये नवी संस्था उभी केली. कूरांट आणि कुर्ट फ्रीडरिक्स यांचं स्वनातीत प्रवाह आणि शॉक वेव्हवरचं पुस्तक तेव्हा तयार होत होतं. कॅथलीन यांच्याकडे त्याच्या संपादनाचं काम आलं. ते पुस्तक १९४८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याचं इंग्रजी नीट करता करता विषय त्यांच्या हाडीमाशी भिनला.

शॉक वेव्ह म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. हवेला पुढची वर्दी मिळते ती ध्वनीच्या वेगाने. वस्तू त्याहून जोरात आली, तर हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. मग दाब, घनता आणि तापमान हळूहळू न बदलता एका अतिशय पातळ पडद्यात एकदम उडी मारतात. तो पडदा म्हणजे शॉक वेव्ह. फ्रीडरिक्स यांच्या मार्गदर्शनाखाली कॅथलीन यांनी १९५१ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यांचा प्रबंध केंद्राकडे आकसत जाणाऱ्या गोल शॉकबद्दल होता. असा शॉक अगदी गोल असेल तर हिशेब जमतो. पण त्याचा गोलपणा किंचित बिघडला तर? म्हणजे सरांच्या भाषेत, ‘‘आता सांग.’’

त्यांचं सर्वांत गाजलेलं काम पंखाबद्दलचं आहे. प्रवासी विमानं जिथे उडतात, त्या सुमारे ११ किलोमीटर उंचीवर ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो. विमान ताशी ८५०-९०० ने जातं, म्हणजे ध्वनीहून कमी. पण पंखाच्या वरच्या फुगीर बाजूवरून जाताना हवेचा वेग वाढतो आणि तिथे एक खिसा असा तयार होतो, ज्यात हवा ध्वनीहून जोरात धावते. पुढे तिला पुन्हा मंद व्हावंच लागतं. हे मंदावणं बहुधा शॉकमधून होतं. त्यामुळे हवेचा विरोध वाढतो, इंधन जास्त जळतं. शॉक जोरदार असेल तर पंख थरथरतोही. मग प्रश्न असा की, जिथे शॉक येणारच नाही असा आकार पंखाला देता येईल का?

गणिताने तशी काही उत्तरं सापडली होती. कागदावर शॉकविना, अगदी सुरळीत प्रवाह दिसत होता. तरी प्रयोगात शॉक दिसायचे. चूक गणिताची की प्रयोगाची, यावर वाद चालू होता. अडचण खरीच होती. त्या खिशात समीकरणाचा स्वभाव एक आणि बाहेर वेगळा. आणि दोन्हींची सीमा नेमकी कुठे, हेही आधी माहीत नसतं.

१९५६ ते १९५८ या काळात मोरावेट्झ यांनी तीन शोधनिबंधांत याचा निकाल लावला. सुरळीत प्रवाह देणारा आकार असू शकतो, हे त्यांनी नाकारलं नाही. पण त्या खिशाखालचा पंखाचा आकार किंचित बदलला, की सर्वसाधारणपणे सुरळीत उत्तर उरतच नाही, हे त्यांनी सिद्ध केलं. आपलं ९ चं १० झालं तसंच. वाद करणारे दोन्ही पक्ष आपापल्या परीने बरोबर होते: उत्तर होतं, पण ते सुईच्या टोकावर उभं होतं. आणि खरा पंख कारखान्यात बनतो, त्यावर धूळ बसते, तो हवेत वाकतो.

यातून अभियंत्यांचं नुकसान झालं नाही, उलट दिशा मिळाली. शॉक पूर्ण टाळण्याच्या मागे न लागता तो क्षीण कसा राहील, ते पाहायचं. अमेरिकेत नासाच्या रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी वरून चपटा असा नवा पंख घडवला. १९७१ मध्ये तो विमानावर बसवून उडवला गेला. कूरांट संस्थेत पॉल गॅराबेडियन आणि सहकाऱ्यांनी संगणकावर असे आकार काढले, जे ठरलेल्या वेगाला शॉकविना चालतील. वेग थोडा बदलला तर शॉक येईल, पण बेताचा. आज मी ज्या प्रोग्रॅमची चाचणी घेते, तो याच घराण्यातला.

मोरावेट्झ यांना चार मुलं होती. कामावर असताना मुलांची काळजी वाटत नाही का, असं विचारल्यावर, मुलांजवळ असताना प्रमेयाचीच काळजी वाटण्याचा संभव जास्त, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं होतं. १९८४ मध्ये त्या कूरांट संस्थेच्या संचालक झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. १९९५ मध्ये, म्हणजे आपण दहावी झालो त्या वर्षी, त्या अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या. १९९८ मध्ये त्यांना नॅशनल मेडल ऑफ सायन्स मिळालं. गणितातल्या कामासाठी ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. २०१७ मध्ये त्यांचं निधन झालं.

आता घरची गोष्ट, जी वर्गात फारशी कुणाला माहीत नाही. बारावीनंतर मला दुसऱ्या शहरात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत होता आणि बाबांचा नकार होता. एका संध्याकाळी सर सायकलवरून घरी आले, चहा घेतला आणि बाबांना एवढंच म्हणाले, ‘‘हिला अडवू नका.’’ पाच मिनिटं बसले असतील. आमच्या घरातला तो एक आकडा त्यांनी बदलला आणि माझं पुढचं सगळं उत्तर बदललं. क्रीगर यांच्याबद्दल वाचताना मला ती सायकल आठवली. आपल्या वर्गात गणितात माझ्याहून हुशार दोघी-तिघी होत्या. त्यांच्या घरी कुणी गेलं नाही, हेही आठवलं. आपल्यापैकी जे आज शिक्षक आहेत, ज्यांच्या मुली-भाच्या बारावीला आहेत, त्यांनी ती पाच मिनिटं जरूर काढावीत.

पुढच्या विमानप्रवासात पंखाजवळची खिडकी मिळाली, तर ऊन वरून पडत असताना पंखाकडे नीट पाहा. कधी कधी त्यावर लांबवर गेलेली, किंचित हलणारी एक बारीक सावलीची रेघ दिसते. तोच तो शॉक.

आणि सर, मेळाव्याला आपण येणार आहात असं कळलं. मी फळ्यावर एक उदाहरण सोडवून ठेवणार आहे. डस्टर आपल्या हातात.